बाटल्या कोणी ठेवल्या

९ जानेवारी

दादा,

पत्ता वहिनीकडून घेतला. तिला बोल लावू नकोस. दोनदा तिनं टाळलं, तिसऱ्या फोनला नाइलाजानं दिला. तू माझा फोन घेत नाहीस हे नऊ वर्षांत मला पाठ झालंय, म्हणून कागदावर लिहितेय. कागद फाडायचा झाला तरी आधी हातात घ्यावा लागतो.

काम आहे म्हणून लिहितेय. उगाच ख्यालीखुशालीचं नाटक करत नाही.

आपली रसायनशास्त्राची लॅब आता नाही. इमारतच पाडली, तिथे प्राध्यापकांच्या गाड्या उभ्या राहतात. नव्या इमारतीत आमच्या विभागाला दोन वर्गखोल्या आणि एक फळा मिळाला. त्या प्रकारानंतर प्राचार्यांनी आधी ॲसिडं बंद केली, मग ॲसिटोनसारखे सॉल्व्हंट, मग बर्नर आणि शेवटी प्रॅक्टिकलच. आता मुलं फक्त वह्या भरतात. एकाची बघून दुसरा, दुसऱ्याची बघून तिसरा, आणि पहिल्यानं जी चूक केली ती चाळीस वह्यांमध्ये सुवाच्य अक्षरात उतरते. गेल्या वर्षी पदवी घेऊन गेलेल्या एका मुलीनं नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला फोन केला. हळू आवाजात विचारत होती, बहुतेक कुठेतरी कोपऱ्यात उभी राहून, की मॅडम, ब्युरेट भरताना खालची तोटी बंद ठेवायची की उघडी? विभागप्रमुख म्हणून तिच्या प्रमाणपत्रावर माझी सही आहे. त्या दिवशी मी ठरवलं, हे असं चालू द्यायचं नाही.

खरी लॅब बांधायला कोणी तयार नाही, म्हणून आम्ही कॉम्प्युटरमध्ये बांधतोय. हसू नकोस. विद्यार्थी घरी बसून डोळ्यांवर हेडसेट चढवतो, नाहीतर नुसता पडद्यासमोर बसतो, आणि एका खोलीत जाऊन उभा राहतो. तिथे त्याचं एक सोंग असतं, त्याला हात असतात, त्या हातांनी बाटल्या उचलता येतात. बाकीची मुलंही आपापल्या सोंगात तिथेच वावरतात, एकमेकांशी बोलतात. हे सगळं बांधायला कॉलेजनं एक मुलगी घेतलीय. आधी ती खेळांमधले किल्ले आणि भुयारं बांधायची. दिवसभर विटेशिवाय भिंती उभ्या करते म्हणून मी तिला गवंडीण म्हणते, आणि तिलाही ते आवडलंय.

तर गवंडीण मला विचारत होती, की दार कुठल्या बाजूला उघडायचं, सिंक किती, कपाटं किती खोल. आणि मला सांगता येईना. अकरा वर्षं मी त्या खोलीत शिकवलं, पण खोली तुझ्या हातात होती. मी यायचे तेव्हा सगळं मांडलेलं असायचं आणि जायचे तेव्हा सगळं धुतलेलं. लॅब असिस्टंट म्हणून तू सतरा वर्षं तिथे होतास. तुझ्याशिवाय हे कोणालाच माहीत नाही.

म्हणून विचारते. जमेल तसा नकाशा काढून पाठव. फुटकी काच कशात टाकायचास, डोळे धुवायचा नळ कुठल्या खांबाला होता, आणि टाकाऊ द्रवांच्या बाटल्या कुठे असायच्या, तेही लिही.

तुझी धाकटी बहीण


२ फेब्रुवारी

दादा,

पाकीट मिळालं. उघडलं तर आत माझंच पत्र. क्षणभर वाटलं, न वाचताच परत पाठवलंस. मग कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर शिसपेन्सिलनं काढलेली अख्खी लॅब. चार कपाटं, सात सिंक, तिसऱ्या सिंकजवळ ‘नळ गळका’ असंही लिहिलंयस. गवंडिणीनं तो कागद समोरच्या भिंतीला लावलाय. म्हणाली, मॅडम, मोठमोठ्या इमारतींचे नकाशे पाहिले, पण पायात येणारी वायर कुठून जाते हे दाखवणारा माणूस पहिल्यांदा पाहिला.

बाटल्यांची मात्र एकही खूण नाही. खाली एक ओळ आहे, ‘बाटल्या कुठे होत्या ते तुला माहीत आहे.’

हो, माहीत आहे. टाकाऊ ॲसिडची बाटली दाराशेजारच्या कपाटात, सॉल्व्हंटची पार पलीकडे खिडकीखाली. मध्ये अख्खी खोली. दोन्हींवर तुझ्या हातची लेबलं. मुलं कुरकुरायची, की एवढ्याशा ॲसिटोनसाठी इतकं चालायला लागतं. तू म्हणायचास, चाला, पाय झिजत नाहीत. गवंडिणीला मी तशाच ठेवायला सांगितल्या.

गेल्या सोमवारी पहिली चाचणी झाली. एकतीस मुलं आत आली. दहा मिनिटांत तिथे जत्रा. एक जण कपाटावर चढून बसला, दोघींनी बीकर डोक्यावर घालून लग्न लावलं, एकानं प्रत्येक बाटलीतलं थोडं थोडं एकत्र ओतलं आणि काय होतंय ते बघत उभा राहिला. काहीच झालं नाही. होणारच नव्हतं, कारण प्राचार्यांची पहिली अट तीच होती, की आत कसलाही अपघात दिसता कामा नये, कॉलेजला जुन्या गोष्टींची आठवण नको. गवंडिणीनं सगळं न फुटणारं, न जळणारं, न सांडणारं केलं होतं. मुलांना ते पाच मिनिटांत कळलं. मुलं अशा गोष्टी पुस्तक न उघडता शिकतात.

मी प्राचार्यांना सांगितलं, ही लॅब नाही, खेळघर आहे. जिथे काहीच बिघडत नाही तिथे हात काही शिकत नाही. त्यांनी नेहमीसारखी मान हलवली, म्हणजे नाही. मग मी गवंडिणीला सांगितलं, की काच फुटली पाहिजे, ॲसिडनं भाजलं पाहिजे, चुकीचं मिसळलं तर बाटली उडाली पाहिजे. जबाबदारी माझी.

तिनं वही उघडली आणि विचारलं, “तेव्हा नक्की काय झालं होतं? मला प्रत्येक वस्तू कुठे होती आणि कोणी हलवली ते लागतं. वस्तू आपोआप हलत नाहीत ना.”

मी तिला सांगितलं, एका मुलीनं चुकून ॲसिडच्या बाटलीत ॲसिटोन ओतलं. ती म्हणाली, बरं, म्हणजे ती चालत दारापर्यंत गेली? मी म्हटलं, हो, असेल.

ताकाला जाऊन भांडं लपवतेय हे मलाही कळतंय. आज एवढंच लिहवतं.


२६ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. मी त्याची वाट बघत थांबणार नाही.

आधी काय घडलं ते सांगते. काच फुटायला लागली, भाजायला लागलं, तशी मुलं गंभीर झाली. कपाटावर चढणाऱ्यानं दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना चष्मे घालायला लावले. मग आम्ही तो प्रयोग ठेवला. नायट्रिक ॲसिडची क्रिया, मग भांडी ॲसिटोननं विसळायची, मग टाकाऊ द्रव ओतायचे. बाटल्या तुझ्या जागी, दोन टोकांना. एकतीस मुलांनी प्रयोग केला. एकानंही चुकीच्या बाटलीत ओतलं नाही.

गवंडीण गोंधळली. तिला वाटलं, आपल्याच कामात काहीतरी चुकलंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. पुन्हा एकही नाही. ती मला म्हणाली, “मॅडम, अशा खोलीत ही चूक होतच नाही. तिथे काहीतरी वेगळं असणार.”

मी तिला म्हटलं, दोन्ही बाटल्या मधल्या हुडमध्ये शेजारी शेजारी ठेव. धूर ओढून घेणाऱ्या त्या काचेच्या कपाटात, डावीकडे ॲसिड, उजवीकडे सॉल्व्हंट. आणि लेबलं मागे भिंतीकडे कर.

तिनं विचारलं नाही. ठेवल्या. यावेळी दुसरी बॅच होती, तीसची. त्यांपैकी अकरा जणांनी चुकीच्या बाटलीत ओतलं. अकरा, दादा. हुशार, दोनदा वाचणारी, चष्मा घालणारी मुलं. बूच लावून वळली आणि मागे बाटली उडाली.

मी खोलीतून बाहेर येऊन जिन्यात बसले. नऊ वर्षं मी स्वतःला सांगत होते, की चूक कुठेही झाली असती, मुलीचं लक्ष नव्हतं, नशीब म्हणायचं. नशीब नव्हतं. तुझ्या मांडणीत शून्य आणि माझ्या मांडणीत अकरा.

आता लिहिते. तुला सगळं माहीत आहे, पण माझ्या हातानं लिहिलेलं तू कधी पाहिलं नाहीस.

त्या सकाळी बॅच मोठी होती आणि तास छोटा. मुलं बाटल्यांसाठी खोलीभर फिरत वेळ घालवतात म्हणून मी, तू स्टोअरमध्ये गेला असताना, दोन्ही बाटल्या उचलून हुडमध्ये आणून ठेवल्या. बाटल्या जड होत्या, ठेवताना फिरल्या आणि लेबलं भिंतीकडे गेली. मला ते दिसलं. नंतर नीट करू म्हटलं. अर्ध्या तासानं त्या मुलीचा डावा डोळा गेला.

चौकशी समितीपुढे तू सांगितलंस, “मी बाटल्या तिथे ठेवल्या नव्हत्या.” अध्यक्षांनी विचारलं, मग कोणी ठेवल्या? तू म्हणालास, “मॅडमना विचारा.” कॉलेजात तू मला कायम मॅडमच म्हणायचास. त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, “बाटल्यांची व्यवस्था लॅब असिस्टंटकडे असते.”

शब्दन् शब्द खरा होता. असलं खोटं बोलायला शिक्षण लागतं.

आणि अध्यक्ष म्हणाले, सख्खी बहीणच सांगतेय म्हटल्यावर आणखी पुरावा कशाला हवा. तेव्हाही मी गप्प. तू टेबलावरचा रुमाल उचलून खिशात घातलास आणि उठलास.

‘निष्काळजीपणामुळे कमी केले’ असा शेरा घेऊन तू किती लॅबच्या दारांवरून परत फिरलास ते वहिनीनं मला एकदा ऐकवलं होतं. आता रंगाच्या कारखान्यात डबे मोजतोस असं कळलं. मी मात्र विभागप्रमुख झाले.

हे पत्र माफीचं नाही. माफी मागून मी मोकळी होईन आणि तू आहेस तिथेच राहशील. मी आधी काम करणार आहे.


१९ मार्च

दादा,

त्या मुलीला भेटून आले. मुलगी कसली, बत्तीस वर्षांची बाई आहे. विमा कंपनीत दावे तपासते. दुपारच्या सुट्टीत तिनं मला कँटीनमध्ये बसवलं, स्वतःचा डबा उघडला आणि जेवता जेवता बोलली. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मी रडेन. दोघींपैकी कोणी रडलं नाही.

मी म्हटलं, बाटल्या मी हलवल्या होत्या. ती म्हणाली, “माहीत आहे. मी पाहिलं होतं.”

मी विचारलं, मग चौकशीत का नाही सांगितलंस? ती म्हणाली, समितीची माणसं हॉस्पिटलमध्ये आली होती, त्यांनी एकच विचारलं, लेबल दिसलं होतं का. नाही म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं, सही घेतली आणि गेली. बाटल्या कोणी ठेवल्या हे तिला कोणी विचारलंच नाही. आणि तुला काढल्याचं तिला दोन वर्षांनी कळलं.

मग ती म्हणाली, “मी तुम्हाला विचारलं होतं, कुठल्या बाटलीत ओतू. तुम्ही फळ्याकडे तोंड करून होतात. मागे न बघता हात केलात. त्या बाजूला जी पहिली होती तिच्यात ओतलं.”

हे मी मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. विसरले होते म्हणू? नाही, दादा. आठवत होतं. तेवढं एक शेवटचं झाकून ठेवलं होतं.

मी तिला आमच्या लॅबबद्दल सांगितलं. तो अपघात आत दाखवावा की नाही, हे तीच ठरवू शकत होती. तिनं डबा बंद केला. मग म्हणाली, दाखवा, पण सिनेमासारखा मोठा आवाज करू नका, आवाज लहानच होता, बूच उडावं तेवढा. आणि आणखी एक सांगितलं. “नंतर लगेच पडद्यावर ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं लिहू नका. मला पुन्हा प्रयत्न मिळाला नव्हता.”

गवंडिणीला हे सांगितलं तेव्हा ती खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेली. मग परत येऊन तिनं ते बटण काढून टाकलं. आता ज्याच्या हातून बाटली उडते त्याला त्या दिवशी पुन्हा सुरुवात करता येत नाही. बाकीच्यांचं प्रॅक्टिकल संपेपर्यंत तो तिथेच उभा राहतो, आणि मग काय झालं ते लिहितो. सबबी नाहीत, क्रम लिहायचा. कोणी काय उचललं, कोणी काय विचारलं, कोणी काय उत्तर दिलं.

मुलांकडून हे लिहून घ्यायचं आणि आपण कोरं राहायचं, हे मला जमणार नव्हतं. म्हणून परवा माझा क्रम मी लिहिला. चार पानं. बाटल्या, लेबल, हात केला तो, समितीपुढचं वाक्य, सगळं. सोबत त्या मुलीचं निवेदन आणि आमच्या दोन्ही चाचण्यांची नोंद. प्राचार्यांच्या हातात दिलं.

त्यांनी वाचलं, दार लावलं आणि मला बसायला सांगितलं. म्हणाले, जुनं उकरून कोणाचं भलं झालंय? तुमचं पद जाईल, ही नवी लॅबही जाईल, आणि तुमच्या भावाचं वय झालं, त्यांना आता काय फरक पडणार आहे. मी म्हटलं, त्याला फरक पडतो की नाही हे तुम्ही आणि मी ठरवायचं नाही, ते नऊ वर्षांपूर्वी एकदा ठरवून झालंय. त्यांनी विचारलं, पत्र मागे घेता का? मी पोच मागितली. शिक्का मारलेली पोच माझ्या पर्समध्ये आहे.

लॅब अजून चालू आहे. दर गुरुवारी सकाळी प्रॅक्टिकल असतं. पाहुण्यांनी आत यायची एक लिंक असते, ती खाली लिहिलीय. कारखान्यातल्या कॉम्प्युटरवरही चालेल, हेडसेट लागत नाही. येच असं म्हणत नाही. खोली तुझी आहे म्हणून पत्ता कळवला, एवढंच.


११ एप्रिल

दादा,

पोच दिल्यामुळे प्राचार्यांना माझं पत्र मंडळापुढे ठेवावंच लागलं. सोबत कॉलेजच्या व्यवस्थापक मंडळाच्या ठरावाची प्रत. दुसरं पान वाच. ‘सदर कर्मचाऱ्याचा कोणताही दोष नव्हता’ असं लिहिलंय आणि शेरा रद्द केलाय. भाषा कोरडी आहे. मी त्यात ‘अन्याय’ हा शब्द घाला म्हणून भांडले, नाही घातला.

माझं विभागप्रमुखपद गेलं. माझ्यावर वेगळी चौकशी बसेल, तिला मी सामोरी जाईन. तोवर शिकवायला परवानगी आहे, कारण त्या लॅबमधलं दुसऱ्या कोणाला काही कळत नाही.

मूळ प्रत वहिनीच्या नावानं रजिस्टर पोस्टानं पाठवलीय. तुझ्या नावानं पाठवली असती तर तू घेतली नसतीस, अशी भीती वाटली.


१८ एप्रिल, गुरुवार

दादा,

तू गेल्यावर मी लगेच हे लिहायला बसलेय. गवंडीण शेजारी बसून मला पाणी पाज, पंखा वाढव असं करतेय. तिला जरा बाजूला पाठवलं.

आज आत तीस मुलं असायला हवी होती. मी मोजली तर एकतीस. पाहुण्यांना मिळतं ते राखाडी, बिनचेहऱ्याचं सोंग दारापाशी उभं होतं. विद्यापीठातून कोणी तपासायला आलं असेल, असं वाटून मी शिकवत राहिले. ते सोंग कपाटापाशी गेलं, मग सिंकपाशी. तिसऱ्या सिंकपुढे जरा जास्तच थांबलं. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

मग ती मागच्या बाकाजवळची मुलगी, कायम घाईत असणारी, हातात बीकर घेऊन त्या सोंगाकडे गेली आणि विचारलं, “सर, हे कुठे ओतू?”

आणि तुझा आवाज आला. “मी सर नाही. त्यात काय आहे ते आधी मला सांग.”

ती म्हणाली, ॲसिटोन. तू म्हणालास, “नुसतं ॲसिटोन? त्याआधी त्या बीकरमध्ये काय होतं?” तिनं बीकरकडे पाहिलं. मग म्हणाली, ॲसिड होतं, पण मी धुतलं. तू विचारलंस, किती वेळा. ती म्हणाली, एकदा. तू तिला सिंकपाशी नेऊन पाण्यानं तीनदा धुवायला लावलंस आणि प्रत्येक वेळी शेजारी उभा राहिलास. मी माझ्या मुलांना हे कधी शिकवलं नव्हतं, कारण ते तू करून ठेवायचास आणि मला कधी दिसलंच नाही. बाकीची मुलं आपापलं सोडून तुझ्याभोवती जमा झाली. मी फळ्यापाशी उभी राहून बघत होते.

दहा मिनिटं राहिली तेव्हा मुलं एकेक करून गेली. खोलीत आपण दोघंच होतो. तू हुडपाशी गेलास आणि म्हणालास, “बाटली अर्धी भरलेली दाखव. कोऱ्या रिकाम्या बाटलीत ओतताना माणूस विचार करतो. आधीच काहीतरी असलं की बिनदिक्कत ओततो. आणि हा हुड फार स्वच्छ आहे. आपला असा कधीच नव्हता.”

मी म्हटलं, बरं.

मग तू म्हणालास, “कागद मिळाला. मी माफ केलं असं समजू नकोस.”

मी म्हटलं, “नाही समजत.”

तू हुडपाशीच उभा होतास. त्या सोंगाला चेहरा नाही, त्यामुळे तू कुठे बघत होतास ते मला कळेना. मागे कारखान्यातलं कसलं तरी यंत्र चालू असल्याचा आवाज येत होता. मग तू विचारलंस, “पुढच्या गुरुवारी किती वाजता असतं?”

मी उत्तर देणार तेवढ्यात तास संपला. तास संपला की ती खोली सगळ्यांना बाहेर काढून आपोआप बंद होते, ती अट मीच घातली होती. मी नुसत्या काळ्या पडद्याकडे बघून दोनदा वेळ सांगितली. तुला फोन मी करणार नाही, तो तू घेतोस की नाही याची परीक्षा आज नको.

गवंडीण आता बाटली अर्धी भरतेय. हुडची काच तिनं मळवलीय. तुला ती अजून स्वच्छच वाटली, तर तसं तिला सांग.

दहा वाजता, दादा. सकाळी दहा.